तबकडीच्या राइडमध्ये पट्टा का नसतो, आणि पोटात का ढवळतं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबातल्या दहा वर्षांच्या मुलाला काउंटी फेअरमधल्या उडत्या तबकडीसारख्या बंद राइडमध्ये बसायचं आहे. आत पट्टा नाही, दांडी नाही, माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात आणि राइड फिरू लागली की वर सरकतात. ती पडत कशी नाहीत? नंतर हेच कुटुंब ऑर्लँडोला जाणार आहे. साताऱ्याहून आलेले सासरे रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांनी तिथल्या डिस्नेच्या 'मिशन: स्पेस' या फिरणाऱ्या अंतराळ राइडमध्ये बसावं का?

आधी उत्तर, मग कारणं. मुलाची उंची फलकावरच्या खुणेएवढी असेल, तब्येत चांगली असेल आणि सांगितलेलं ऐकणारा असेल, तर त्याला बसू द्या. सासऱ्यांनी मात्र फिरणाऱ्या कुठल्याच अंतराळ राइडमध्ये बसू नये. ऑर्लँडोत त्यांना न फिरणारा पर्याय आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पडण्याची भीती मनातून काढून टाका. त्याऐवजी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: राइड पूर्ण वेगात असताना डोकं हलवायचं नाही. अशा राइडमध्ये होणारा बहुतेक त्रास डोकं हलवल्यामुळेच होतो.

तुम्ही पाहिलेली तबकडी 'ग्रॅव्हिट्रॉन' जातीची आहे. अमेरिकेतल्या विस्डम कंपनीने ती १९८३ मध्ये आणली. पुढे 'स्टारशिप २०००' आणि अशाच इतर नावांनी, वेगवेगळ्या रंगरंगोटीत ती जत्रांमधून फिरू लागली. आत भिंतीला ४८ गादीच्या फळ्या असतात, त्या वरच्या टोकाला किंचित बाहेर झुकलेल्या असतात. ऑपरेटर मधोमध बसतो आणि राइडबरोबर तोही फिरतो. वीस सेकंदांच्या आत यंत्र मिनिटाला २४ फेऱ्यांपर्यंत पोहोचतं आणि पाठीवर गुरुत्वाच्या साधारण तिप्पट दाब येतो.

हा तिप्पट आकडा कुठून येतो ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. केंद्रापासून तुमच्या पाठीपर्यंतचं अंतर साडेचार मीटर धरा. मिनिटाला २४ फेऱ्या म्हणजे भिंतीचा वेग सेकंदाला ११.३ मीटर, ताशी सुमारे ४० किलोमीटर. शरीर सरळ रेषेत जायला बघतं आणि भिंत त्याला सतत आत वळवते. वळवण्याचं हे त्वरण भरतं २८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे २.९ जी (एक जी म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाएवढं). साठ किलोच्या माणसाला भिंत पावणेदोनशे किलोच्या जोराने पाठीत रेटते. फेऱ्या निम्म्या केल्या तर दाब निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो: मिनिटाला १२ फेऱ्यांना जेमतेम पाऊण जी. म्हणूनच सुरुवातीचे काही क्षण 'काहीच होत नाहीये' असं वाटतं आणि मग एकदम छातीवर भार येतो.

आता पडण्याचा प्रश्न. याच तत्त्वावरची जुनी राइड म्हणजे 'रोटर'. ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन अभियंता अर्न्स्ट हॉफमाइस्टर यांनी बनवली. तिची भिंत अगदी उभी असते. वेग आला की पायाखालची जमीन खाली जाते आणि माणूस केवळ घर्षणावर लटकून राहतो. भिंतीचा दाब दोन जी असेल तर घर्षणाचा गुणांक (भिंत किती पकड धरते त्याचं माप) किमान ०.५ लागतो, तीन जी असेल तर ०.३३ पुरतो. म्हणून रोटरच्या भिंतीला रबर किंवा तसंच खरखरीत अस्तर असतं आणि गुळगुळीत नायलॉनचं जाकीट घातलेला माणूस हळूहळू खाली घसरतो. आपल्याकडच्या जत्रेतला मौत का कुआँ याच हिशेबावर चालतो, फक्त तिथे भिंत स्थिर असते आणि मोटरसायकल फिरते. तिथे वेग राखण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर असते. तबकडीत ती मोटरवर असते आणि बसणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

ग्रॅव्हिट्रॉनमध्ये तर घर्षणावरही फारसं अवलंबून राहावं लागत नाही, कारण फळी तिरकी असते आणि रुळांवर चाकांनी सरकते. बाहेर ढकलणाऱ्या जोराचा एक हिस्सा फळीला उतारावरून वर नेतो, गुरुत्व तिला खाली ओढतं. फळी उभ्या रेषेपासून २५ अंश झुकलेली असेल तर बाहेरचा जोर २.१५ जी च्या आसपास गेला की फळी वर निघते. साडेचार मीटर त्रिज्येला हा वेग मिनिटाला २० ते २१ फेऱ्यांचा येतो. वर जाताना फळी केंद्रापासून आणखी दूर जाते, त्यामुळे जोर आणखी वाढतो. म्हणून एकदा निघालेली फळी अधेमधे थांबत नाही, थेट वरच्या अडणीला जाऊन टेकते. उतरताना याच कारणाने ती थोड्या कमी वेगापर्यंत वरच राहते आणि मग खाली येते.

या हिशेबात माणसाचं वजन कुठेच येत नाही. बाहेर ढकलणारा जोरही वजनाच्या प्रमाणात आणि खाली ओढणाराही, त्यामुळे तीस किलोचं पोर आणि शंभर किलोचा पैलवान जवळपास एकाच क्षणी वर सरकतात. राइड तपासणाऱ्यासाठी ही फार उपयोगाची खूण आहे. शेजारच्या फळ्या वर गेल्या आणि एकच फळी मागे राहिली, किंवा झटका देऊन उशिरा गेली, तर 'माणूस जड असेल' हे कारण कधीच नसतं. दोष रुळात किंवा चाकात असतो: चाकाचं बेअरिंग गेलेलं, रूळ वाकलेला, किंवा खिशातून पडलेलं नाणं, केसांची क्लिप, पॉपकॉर्नचा चिकट चुरा रुळात अडकलेला. अशी फळी उतरतानाही अडते आणि वेग बराच कमी झाल्यावर धपकन खाली येते. तेव्हा दोन फळ्यांच्या फटीत कुणाचं बोट असेल तर ते चेंगरतं. मुलाला राइडच्या रांगेतच सांगून ठेवा: हात पोटावर किंवा मांडीला लावून ठेवायचे, फळीच्या कडेला बोटं अडकवायची नाहीत. आत जाण्याआधी एक फेरी बाहेरून होताना ऐकून घ्या. ठराविक लयीत एकच 'टक-टक' किंवा खरखर येत असेल तर त्या दिवशी ती राइड सोडून द्या.

तीन जी म्हणजे शरीराच्या प्रत्येक अवयवाचं वजन तिप्पट. पाच किलोचं डोकं पंधरा किलोचं होतं. गादीवरून मान उचलून कुणाकडे बघायला गेलात की मानेचे स्नायू ते पेलू शकत नाहीत, डोकं परत आपटतं, आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. काही मुलं आत उलटी होतात, डोकं खाली पाय वर, किंवा भिंतीवर उभी राहायला बघतात. उलटं झालेलं पोर राइड थांबताना डोक्यावर येतं, कारण दाब गेला की त्याला धरणारं काही उरत नाही. भिंतीवर उभं राहण्यातला धोका वेगळा. पाठ टेकलेली असताना जोर छातीकडून पाठीकडे असतो, हृदय आणि मेंदू जवळपास एका पातळीवर राहतात आणि रक्तपुरवठा टिकतो. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी आडवे झोपून बसतात ते याच कारणाने. स्पेस शटलच्या उड्डाणात तीन जी च्या पुढे जाऊ नये म्हणून इंजिनांचा जोर मुद्दाम कमी करत, म्हणजे तुमच्या तबकडीतला दाब खरोखरच त्या प्रवासातल्या कमाल दाबाएवढा आहे. पण भिंतीवर पाय रोवून उभं राहिलं की तोच जोर डोक्याकडून पायाकडे जातो, रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते.

आता मळमळीकडे येतो. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात असतात. त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की द्रव मागे रेंगाळतो, संवेदक पेशी वाकतात, आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. पण एकसारख्या वेगाने फिरत राहिलं की दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगाला येतो आणि संदेश थांबतो. बंद तबकडीत खिडकी नसते. समोरची भिंत, दिवे, ऑपरेटर सगळे तुमच्याबरोबरच फिरत असतात, त्यामुळे डोळ्यांनाही काही हलताना दिसत नाही. मेंदू निष्कर्ष काढतो: फिरणं थांबलं, आणि खालची दिशा आता पाठीमागे आहे. उभं असूनही आपण जड होऊन उताणे पडलो आहोत असं वाटतं. अंतराळात असल्याचा सगळा भास इथून येतो आणि तोपर्यंत पोट शांत असतं.

गडबड होते ती यानंतर मान वळवली की. जी नलिका फिरण्याच्या प्रतलात होती ती बाहेर जाते, दुसरी आत येते. पहिलीला वाटतं आपण एकदम थांबलो, दुसरीला वाटतं एकदम फिरायला लागलो. दोन्ही मिळून कोलांटी मारल्याचा भास होतो, डोळे म्हणतात काहीच हललं नाही, आणि या विसंगतीला पोट उत्तर देतं. या भासाची तीव्रता केंद्रापासूनच्या अंतरावर नाही, फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. मध्यभागी अर्ध्या मीटरवर बसलेल्या ऑपरेटरला बाहेरचा जोर फक्त एक तृतीयांश जी लागतो, पण त्याने झटकन मान वळवली तर चक्कर भिंतीवरच्या माणसाएवढीच येते. म्हणून अनुभवी ऑपरेटर आरशातून किंवा डोळे फिरवून भिंतीकडे बघतात, मान फिरवून नाही. तुमच्या मुलाने त्यांच्यासारखंच करायचं. मित्राला बघायचं असेल तर डोळे फिरव, मान नाही, हे वाक्य त्याला दोनदा सांगा.

डोळे मिटल्याने हा त्रास टळत नाही. कानातल्या द्रवाला पापण्यांशी देणंघेणं नसतं.

ऑर्लँडोच्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कमधली 'मिशन: स्पेस' ऑक्टोबर २००३ मध्ये अधिकृतपणे सुरू झाली. तिचं यंत्र वैमानिकांना प्रशिक्षण देण्याची सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून शरीरावर दाब आणणारी यंत्रं, बनवणाऱ्या एन्व्हायर्नमेंटल टेक्टॉनिक्स कंपनीकडून आलं. एका सेंट्रिफ्यूजला दहा कुप्या (बसायचे बंद डबे), प्रत्येकीत चार माणसं, आणि अशी चार सेंट्रिफ्यूज. दाब अडीच जी च्या आसपास, म्हणजे तबकडीपेक्षा किंचित कमीच. फरक असा की कुपी स्वतः मागेपुढे झुकते. बाहेरचा जोर आणि गुरुत्व यांची बेरीज नेमकी छातीतून पाठीत जाईल अशी ती वळवली जाते, त्यामुळे फिरण्याचा भास जवळजवळ पुसला जातो आणि रॉकेट सुटल्यासारखं वाटतं. मधेच वेग कमी केला की वाढलेल्या वजनाला सरावलेल्या शरीराला तरंगल्यासारखं वाटतं. तिथे खरी भारहीनता नसते, तुम्ही फक्त नेहमीच्या एक जी कडे परत येत असता.

तिथली सूचना ऐकताना लोक हसण्यावारी नेतात: डोकं मागे टेकवा, समोर पडद्याकडेच बघा, डोळे मिटू नका, बाजूला बघू नका. यातला एकेक शब्द पाळा. इथे डोळे उघडे ठेवण्यामागे कारण आहे. पडद्यावरचं चित्र कुपीच्या झुकण्याशी जुळवलेलं असतं. डोळे मिटले की चित्राचा आधार जातो आणि शरीराला फिरणं जाणवू लागतं. शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून बघितलं की झालंच. उलटीच्या पिशव्या कुपीत ठेवलेल्या असतात, त्या उगाच नाहीत.

सासऱ्यांबद्दल मी ठाम का आहे तेही सांगतो. २००५ मध्ये एक लहान मुलगा आणि २००६ मध्ये एक महिला या राइडनंतर दगावली. वैद्यकीय तपासणीत मुलाला आधीपासून हृदयविकार असल्याचं आणि महिलेचा मृत्यू तीव्र रक्तदाबातून झालेल्या मेंदूतल्या रक्तस्रावाने झाल्याचं निघालं. राइडमध्ये बिघाड आढळला नाही. दोष नसलेल्या यंत्रातही असा माणूस धोक्यात येऊ शकतो, एवढं पुरेसं आहे. गोळीने रक्तदाब 'नॉर्मल' दिसतो म्हणून फलक आपल्याला लागू नाही असं अनेक ज्येष्ठ मंडळी धरून चालतात. फलकावर हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण लिहिलेलं असतं ते गोळी घेणाऱ्यांसाठीही असतं. २००६ पासून तिथे सेंट्रिफ्यूज न फिरवता चालणारा हिरवा प्रकार आहे. सासऱ्यांना त्यात बसायचं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, कारण तिथेही कुपी हलते आणि जागा बंदिस्त असते. मोतीबिंदूची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

फिरत्या मेळ्यातल्या राइडकडे पालकांनी काय बघावं? तपासणीचा स्टिकर बघाच, पण अमेरिकेत फिरत्या राइड केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेत येतात आणि कायमच्या पार्कमधल्या राज्यांच्या, शिवाय प्रत्येक राज्याचे नियम निराळे. त्यामुळे स्टिकरवर न थांबता जमीन बघा. ट्रेलर ठेवलेल्या ठोकळ्यांखालची माती रात्रीच्या पावसाने बसली असेल तर यंत्र समपातळीत राहत नाही, प्रत्येक फेरीला फळ्यांवरचा जोर कमीजास्त होतो आणि मुख्य बेअरिंगच्या बोल्टांवर उलटसुलट ताण येतो. फिरताना बाहेरचा सांगाडा लयीत डुलत असेल तर बसू नका.

ऑपरेटर माणसं कशी उभी करतो तेही बघा. दहाच माणसं असतील तर चांगला ऑपरेटर त्यांना समोरासमोर वाटतो. साठ किलोची पाच माणसं एकाच बाजूला उभी केली तर पूर्ण वेगात सुमारे नऊशे किलोचा एकतर्फी ओढा तयार होतो आणि तो दर अडीच सेकंदाला एक फेरी मारतो. दार बंद झाल्यावर ऑपरेटर हाताने ओढून बघतो का, की नुसता दिव्याकडे बघून बटण दाबतो? दाराचा स्विच दार पूर्ण अडकल्याशिवाय मोटर सुरू होऊ देत नाही, तो असायलाच हवा. पण स्विच बिघडला तर उरते ती फक्त हाताने केलेली खात्री.

थांबणं हळू का असतं, हेही मुलाला समजावून ठेवा, म्हणजे तो लवकर उठणार नाही. ताशी ४० किलोमीटरवरून वीस सेकंदांत थांबलं तर बाजूला ढकलणारा जोर ०.०६ जी एवढाच येतो, जाणवतही नाही. तेच दोन सेकंदांत थांबवलं तर तो दसपट होतो आणि पाठीवरचा दाब घटत असताना सगळे एकमेकांवर घसरतात. म्हणून आत कुणी ओरडलं तरी ऑपरेटर कचकन ब्रेक लावत नाही, लावूही नये. त्रास होत असेल तर मुलाने हात उंचावून ऑपरेटरला हाक मारावी आणि थांबेपर्यंत पाठ टेकूनच राहावं.

खाण्यापिण्याचं: भरपेट जेवणानंतर दीड तास जाऊ द्या, पण उपाशीपोटीही नको. दोन बिस्किटं, घोटभर पाणी. घाटात गाडी लागणारं मूल असेल तर घरची अव्होमिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. तिने झोप येते आणि सुस्तावलेलं मूल फिरत्या राइडमध्ये सूचना पाळत नाही. द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे मात्रा ठरवून, राइडच्या आधी पुरेसा वेळ ठेवून. काहींना आल्याच्या वडीने बरं वाटतं. चष्मा, मोबाईल, सुट्टे पैसे, कानातले सैल दागिने बाहेर तुमच्या हातात द्यायला लावा, ती नाणी रुळात जातात हे वर आलंच आहे.

राइड थांबल्यावर कानातला द्रव काही सेकंद फिरतच असतो आणि उलट दिशेने फिरल्यासारखं वाटतं. मुलाने फळी खाली आल्यावर लगेच उडी मारायची नाही. पंधरा सेकंद समोरच्या एका बिंदूकडे बघत उभं राहायचं, मग भिंतीचा आधार घेत दाराकडे जायचं. बाहेर आल्यावर सावलीत बसवा, लांबच्या झाडाकडे किंवा क्षितिजाकडे बघायला सांगा. लगेच दुसऱ्या फेरीला पाठवू नका, पहिल्या फेरीत दबलेली मळमळ दुसऱ्या फेरीत बाहेर येते. अर्ध्या तासानंतरही तोल जात असेल, डोकं दुखत असेल किंवा पुन्हा पुन्हा उलटी होत असेल तर मेळ्यातल्या प्रथमोपचार केंद्रात दाखवा.

आणि धाकटं भावंड उंचीच्या खुणेखाली असेल तर त्याला टाचा उंचावून उभं करू नका. मोठ्या माणसाच्या मापाच्या गादीवर पाठ नीट टेकत नसलेल्या लहान मुलाची मान दाबाखाली वाकडी होते. त्याच्यासाठी उघड्या हवेतली, मधल्या खांबाभोवती हातांवर फिरणारी छोटी रॉकेटं असतात. त्यात पट्टा असतो, दाब फार थोडा असतो आणि बाहेरचं जग दिसत असल्याने पोटही बिघडत नाही. दांडा ओढून रॉकेट स्वतः वर-खाली करता येतं, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यातच जास्त मजा येते.